तोफांखाली उभी माणसे: ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च्या छायाचित्रांचा प्रकरण अभ्यास

ब्रिटिश आरमाराच्या अधिकृत छायाचित्रकाराने जानेवारी १९४४च्या सुमारास स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या स्कापा फ्लो बंदरात टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ ही युद्धनौका नांगर टाकून उभी आहे, वर १४ इंची तोफांच्या नळ्या आहेत आणि त्यांच्याखाली खलाशी दाटीने उभे आहेत. खालची ओळ एवढेच सांगते की, २६ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन नौका ‘शार्नहॉर्स्ट’ बुडवून परतलेल्या जहाजाचे हे तोफदल. विजयाचे चित्र म्हणून ते आजही ठिकठिकाणी छापले जाते.

मात्र चित्रात जे दिसते त्यातले जवळजवळ काहीच लढाईत नव्हते. चित्रात उजेड आहे, लढाई काळोखात झाली. चित्रात जहाज स्थिर आहे, लढाई वादळात झाली. चित्रातली माणसे डेकवर आहेत, लढताना ती पोलादी टरेटच्या, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती बुरुजाच्या, आत आणि त्याखालच्या मजल्यांवर कोंडलेली होती. एकमेकांचे चेहरेही त्यांना धड दिसत नव्हते. म्हणून हे छायाचित्र एकटे वाचता येत नाही. झोळ्यांचे, बँडचे, दारूगोळा चढवण्याचे, बर्फ झोडपण्याचे, असे त्या काळातल्या युद्धनौकांवरचे इतर फोटो शेजारी मांडले आणि जहाजाची रचना ठाऊक असली, तरच या माणसांनी त्या संध्याकाळी नेमके काय केले ते कळते.

जहाज आणि ती संध्याकाळ

‘ड्यूक ऑफ यॉर्क’ ही ‘किंग जॉर्ज पाचवा’ वर्गातली नौका. क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधलेली, नोव्हेंबर १९४१मध्ये आरमारात दाखल झालेली. लांबी सुमारे २२७ मीटर, वेग २८ नॉट, माणसे सुमारे दीड हजार. मुख्य तोफा दहा: पुढे ‘ए’ टरेटमध्ये चार, तिच्यामागे उंचावर ‘बी’मध्ये दोन, पिछाडीला ‘वाय’मध्ये चार. मूळ आराखड्यात ‘बी’मध्येही चार तोफा होत्या. चिलखतासाठी वजन वाचवायचे म्हणून दोन कमी केल्या. छायाचित्रात टरेट ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे. एका टरेटला चार नळ्या आणि तिच्या डोक्यावर मागे दोन दिसल्या, तर जहाज याच वर्गातले आणि आपण नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने पाहतो आहोत.

रशियाकडे निघालेल्या जेडब्ल्यू ५५बी या मालवाहू काफिल्याला दुरून संरक्षण देण्यासाठी अ‍ॅडमिरल ब्रूस फ्रेझर २३ डिसेंबरच्या रात्री आइसलँडमधल्या अकुरेरीहून याच जहाजातून निघाले. जहाजाचे कप्तान गाय रसेल. सोबत ‘जमैका’ ही क्रूझर आणि चार विनाशिका, त्यांतली ‘स्टोर्ड’ नॉर्वेची. २५ला संध्याकाळी ‘शार्नहॉर्स्ट’ नॉर्वेच्या अल्टाफियोर्डमधून बाहेर पडली. २६ला सकाळी आणि दुपारी ब्रिटिश अ‍ॅडमिरल बर्नेट यांच्या ‘बेलफास्ट’, ‘नॉर्फोक’ आणि ‘शेफील्ड’ या क्रूझरांनी तिला दोनदा अडवले. ‘नॉर्फोक’च्या एका गोळ्याने तिचे पुढचे रडार गेले आणि ती अर्धी आंधळी झाली.

दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च्या रडारवर ती सुमारे ४२ किलोमीटरवर दिसली. ४.५०ला, अंतर ११ किलोमीटरवर आल्यावर, पहिली फैर सुटली. एवढ्या उत्तरेला डिसेंबरअखेरीस सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास संधिप्रकाश असतो, तोही तोवर संपला होता. प्रकाशगोळ्यांखेरीज दिसण्याजोगे काही नव्हते. ब्रिटिश जहाजावरच्या घड्याळाप्रमाणे ४ ते ६ आणि ६ ते ८ या दोन आखूड पाळ्या असतात. ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ची सारी लढाई या दोन पाळ्यांत मावली. ‘शार्नहॉर्स्ट’ ७.४५च्या सुमारास बुडाली.

टरेटच्या आत

एका १४ इंची गोळ्याचे वजन ७२१ किलो. तो फेकायला लागणारे कॉर्डाइट, म्हणजे तोफेची स्फोटक दारू, १५३ किलो, चार थैल्यांत भरलेले, म्हणजे प्रत्येक थैली ३८ किलोंच्या आसपास. दहाही तोफा एकदम उडाल्या की सव्वासात टन पोलाद बाहेर जाते आणि त्यामागे दीड टन कॉर्डाइट जळते. हे सारे जहाजाच्या पोटातून वर आणायचे काम फोटोत उभ्या असलेल्या माणसांचे होते, आणि त्यातले बहुतेक जण तोफेजवळ नव्हतेच. एका चौपदरी टरेटचे वजन दीड हजार टनांवर होते आणि तिचा दिसणारा भाग म्हणजे फक्त टोपी. खाली मजल्यामागून मजले जातात.

गोळे कोठारातून जलदाबावर चालणाऱ्या यंत्रणेने फिरत्या कड्यावर येतात. कडे टरेटबरोबर फिरू शकते, त्यामुळे तोफांचे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी गोळा बरोबर वर उचलणाऱ्या पाळण्याखाली येतो. तिथून तो टरेटच्या खालच्या दालनात चढतो. कॉर्डाइटच्या थैल्या वेगळ्या वाटेने येतात. दालनात गोळा आणि थैल्या एका पिंजऱ्यात बसतात आणि पिंजरा तोफेच्या मागे चढतो. तोफ भरण्यासाठी ठरावीक कोनावर आणावी लागते. मागचे दार उघडते, हवेचा झोत नळीतले जळके वायू बाहेर लोटतो. यांत्रिक ठोसा आधी गोळा ढकलतो, तो नळीच्या खाचांत घट्ट बसतो, मग थैल्या ढकलल्या जातात. दार मिटते, पेटवणारी नळकांडी बसते, तोफ पुन्हा नेमाच्या कोनावर जाते आणि ‘तयार’चा दिवा लागतो. घोडा टरेटमधून ओढत नाहीत. वरच्या, नेम धरणाऱ्या दिग्दर्शक-केंद्रातून सगळ्या तोफा एकदम उडवतात. हे सारे अर्ध्या मिनिटात व्हावे, अशी आखणी होती.

थैल्यांची वाट वेगळी का, आणि प्रत्येक टप्प्यावर दारे का, याचे उत्तर १९१६च्या जटलंडच्या लढाईत आहे. तिथे ‘इन्व्हिन्सिबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इंडिफॅटिगेबल’ या तीन ब्रिटिश नौका स्फोटाने फुटून गेल्या. टरेटवर बसलेल्या माऱ्याची ज्वाला खाली कोठारापर्यंत धावली की जहाज क्षणात संपते. म्हणून या वर्गात कोठार आणि तोफ यांच्यामध्ये सलग मोकळी वाट कधीच राहू नये असे बांधकाम केले. एक दार उघडे असेल तर पुढचे उघडणारच नाही, अशी यांत्रिक अडवण जागोजागी घातली. सुरक्षिततेसाठी हे योग्यच होते. पण त्यामुळे यंत्रणा फार गुंतागुंतीची झाली.

सत्तर टक्क्यांच्या आतले गणित

लढाईच्या पहिल्या टप्प्यात, ४.५० ते ६.२४ या दीड तासात, ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ने ५२ फैरी झाडल्या. त्यांतल्या ३१ फैरींनी लक्ष्य कात्रीत पकडले, म्हणजे काही गोळे अलीकडे आणि काही पलीकडे पडले. काळोखात, वादळात, केवळ रडारच्या आधारे हे प्रमाण असामान्य होते. पहिल्याच फैरीने ‘शार्नहॉर्स्ट’ची पुढची टरेट निकामी झाली. ६.२०च्या सुमारास, अंतर वाढून ती निसटू पाहत असताना, एक गोळा तिच्या बॉयलरच्या खोलीत घुसला आणि वेग पडला. मग विनाशिकांनी जवळ जाऊन टॉर्पेडो सोडले.

पण याच लढाईत या जहाजाच्या तोफांनी जितके गोळे टाकायला हवे होते, त्यांच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी टाकले. कारणे दोन: यंत्रातले बिघाड आणि कवायतीतल्या चुका. विजयाच्या छायाचित्राला हा आकडा जोडून वाचला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. त्याने खलाशांचे मोल कमी होत नाही. ते कशाशी झुंजत होते ते त्यानेच समजते.

‘कवायतीतली चूक’ म्हणजे बहुधा एखादी तरफ एक क्षण आधी किंवा नंतर ओढली जाणे. साध्या तोफेत अशा चुकीने दोन-चार सेकंद जातात. इथे ती पुढची अडवण लावते, पिंजरा मधेच थांबतो, आणि मग सगळे टप्पे उलटे नेऊन पुन्हा सुरू करावे लागतात. तोवर पुढची फैर त्या तोफेविना सुटते. या वर्गाला हे दुखणे आधीपासून होते. २४ मे १९४१ रोजी जर्मन ‘बिस्मार्क’शी लढताना याच वर्गातली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ वळली, कलली, एक गोळा आपल्या तबकातून घसरला आणि ‘वाय’ टरेटचे फिरते कडेच अडकून बसले. तीन दिवसांनी ‘किंग जॉर्ज पाचवा’च्या टरेटही बराच वेळ बंद पडल्या. १९४३पर्यंत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या होत्या, तरी दोष पुरता गेला नव्हता.

उत्तरेकडच्या समुद्राने त्यात भर घातली. या वर्गाची नाळ मुद्दाम सपाट ठेवली होती, कारण ‘ए’ टरेटला तोफा खाली झुकवून थेट समोर मारा करता यायला हवा होता. त्याचा तोटा असा की, जोराच्या लाटेत पुढचा डेक पाण्याखाली जातो आणि तोफांच्या फटींतून पाणी ‘ए’ टरेटमध्ये शिरते. मार्च १९४२मध्ये रशियाच्या काफिल्याबरोबर जातानाचे याच जहाजाचे फोटो आहेत. त्यांत नाळ लाटेत रुतलेली आणि पुढच्या टरेटवरून फेस उडताना दिसतो. ते नुसते देखणे सागरचित्र समजून पाहू नयेत. त्या फेसाखाली माणसे ओल्या तेलकट फरशीवर पाय रोवून, जहाज हेलकावत असताना पाऊण टनाचे गोळे हलवत होती.

जे फ्रेममध्ये नाहीत

युद्धनौकांवरचा आणखी एक नेहमीचा फोटो म्हणजे डेकवर वाजणारा रॉयल मरीन बँड. तो विरंगुळ्याचा फोटो समजला जातो. प्रत्यक्षात लढाईच्या वेळी मोठ्या ब्रिटिश जहाजांवर हेच वादक जहाजाच्या पोटात, ‘ट्रान्समिटिंग स्टेशन’ नावाच्या खोलीत बसत. तिथे तोफांचे गणित करणारे मोठे यांत्रिक टेबल असे. स्वतःचा वेग, शत्रूची दिशा आणि वेग, रडारने दिलेले अंतर, वारा असे आकडे चाकांनी त्यात घालायचे आणि हलता काटा आपल्या काट्याने सतत गाठत राहायचा. हात थरथरता कामा नये, लक्ष ढळता कामा नये. ११ किलोमीटरवर गोळा पोहोचायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. ३० नॉटने धावणारी ‘शार्नहॉर्स्ट’ तेवढ्यात जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी पुढे सरकते. म्हणजे तोफा जहाजावर नव्हे, ते पुढे जिथे असेल त्या पाण्यावर रोखायच्या. त्या ३१ फैरींचे श्रेय या खोलीचेही आहे, पण ती तोफांखालच्या फोटोत नाही.

बॉयलर आणि टर्बाइन सांभाळणारे खलाशी, म्हणजे स्टोकर, तर अशा चित्रांत क्वचितच येतात. आठ बॉयलर, चार टर्बाइनसंच. वर बर्फ असताना त्यांच्याकडे असह्य उष्मा, आणि जहाज बुडू लागले तर वर यायची वाट सर्वांत लांब. आचारी, वाढपी, कारकून यांनाही लढाईच्या वेळी जागा नेमून दिलेल्या असत: दारूगोळा पुढे देणे, जखमींना उचलणे, आग विझवणे.

मेसडेक: राहणे, झोपणे, खाणे

आतल्या फोटोंत सर्वांत जास्त माहिती मेसडेकच्या चित्रांत सापडते. लांब टेबले, दोन्हीकडे बाके, वर छताला पाइप, तारांचे जुडगे आणि झोळ्या टांगायचे आकडे. जेवण, पत्रलेखन, पत्ते, कपडे शिवणे आणि झोप हे सगळे याच जागेत. रात्री टेबलांच्या वर कॅनव्हासच्या झोळ्या इतक्या जवळ लागत की जहाज कलले की सगळ्या एकदमच झुलत. सकाळी प्रत्येकाने आपली झोळी गुंडाळून, दोरीचे सात फेरे घट्ट मारून कप्प्यात उभी करायची. हे केवळ शिस्तीसाठी नव्हते. घट्ट बांधलेली झोळी काही वेळ पाण्यावर तरंगते आणि जहाजाला पडलेले भोक बुजवायलाही वापरता येते. म्हणून एखाद्या फोटोत नीट लावलेल्या झोळ्यांच्या रांगा दिसल्या तर तो बहुधा बंदरातला किंवा शांत पट्ट्यातला असतो. उत्तरेच्या मोहिमेवर बरेच जण अंगावरच्या कपड्यांतच, आपल्या लढाईच्या जागेजवळ आडवे होत.

मेसडेकच्या भिंती बाहेरून गोठलेल्या आणि आत शेकडो माणसांचा श्वास, त्यामुळे छतावरून पाणी ठिबकत राही. कपडे वाळत नसत. खोकला पसरे. फोटोत भिंती चमकताना दिसतात त्या नव्या रंगाने नव्हे, दवाने.

मोठ्या जहाजावर स्वयंपाक मध्यवर्ती भटारखान्यात होई आणि प्रत्येक मेसची पाळी असलेली माणसे तो मोठ्या पत्र्याच्या भांड्यांतून आणत. वादळात भटारखाना ते मेस ही वाट शिड्या आणि दारांतून जाते, त्यामुळे रस्सा निम्मा सांडणे नेहमीचेच. लढाईच्या तयारीत असताना गरम जेवण बंद होऊन सँडविच, सूप आणि ‘काय’ असे. हे ‘काय’ म्हणजे कडक चॉकलेटच्या लादीचे किसून उकळलेले दाट पेय. गोड आणि गरम, रात्रीच्या पाळीवर त्याचा आधार मोठा.

रमच्या वाटपाचे फोटो विपुल आहेत. रोज दुपारच्या आत वीस वर्षांवरच्या प्रत्येकाला पाइंटचा आठवा हिस्सा, म्हणजे ७१ मिलिलिटर रम. साध्या खलाशांना त्यात दुप्पट पाणी घालून, वरच्या हुद्द्यांना निखळ. न घेणाऱ्याला दिवसाला तीन पेन्स. पाणी घालण्यामागे हिशेब असा की, पातळ केलेली रम टिकत नाही, त्यामुळे साठवून एकदम पिता येत नाही. ही प्रथा १९७०मध्ये बंद झाली.

बर्फाचे काम मात्र फोटोत खेळासारखे दिसते. नोव्हेंबर १९४३मध्ये ‘बेलफास्ट’च्या पुढच्या डेकवरचा बर्फ काढतानाची चित्रे त्याचे उदाहरण. वरच्या भागांवर बर्फ साचला की वजन वर जाते आणि जहाज कलले तर सावरायला उशीर लागतो. शिवाय तोफांची फिरती कडी, होड्यांचे दोर, रडारच्या एरियल सगळे अडते. फावडी, लाकडी दांडे आणि वाफेचे पाइप घेऊन हे काम पाळीपाळीने सतत करावे लागे. विशेषतः विनाशिकांवर त्याला उशीर चालत नसे.

फोटो तपासताना

अशा छायाचित्रांवरून काही ठरवण्याआधी चार-पाच गोष्टी पाहाव्यात. टोपीच्या पट्टीवर युद्धकाळात जहाजाचे नाव नसे, फक्त ‘एच. एम. एस.’ एवढेच. पूर्ण नाव दिसले तर फोटो युद्धाच्या आधीचा किंवा नंतरचा असण्याची शक्यता अधिक. डाव्या बाहीवरचा एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन, एकमेकांवर ठेवलेले दोन नांगर म्हणजे पेटी ऑफिसर. खालच्या उलट्या पट्ट्या चांगल्या वर्तणुकीच्या: पहिली तीन वर्षांनी, दुसरी आठ, तिसरी तेरा वर्षांनी. एकाच रांगेत तीन पट्ट्यांचा माणूस आणि एकही पट्टी नसलेला मुलगा शेजारी दिसला, तर युद्धकाळातल्या भरतीचे चित्र समोर उभे राहते.

डोलकाठीच्या टोकाकडे बारकाईने पाहावे. रडारची एरियल शत्रूला कळू नये म्हणून सेन्सॉर ती प्रसिद्धीआधी पुसून किंवा रंगवून टाके. आकाश तिथे अचानक सपाट, दाणेविरहित दिसते. ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण जिंकण्याचे मुख्य साधन रडार होते आणि दाखवायला मनाई असलेलेही तेच. या लढाईत जर्मन ११ इंची गोळे तिच्या डोलकाठ्यांच्या पायांतून न फुटता आरपार गेले होते.

आतल्या फोटोंत फ्लॅशची कडक सावली दिसली की समजावे, प्रसंग थांबवून घेतलेला आहे. ज्वालारोधक पांढरे शिरस्त्राण आणि हातमोजे नीट चढवलेले, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याला दिसतील असे उभे राहणे, ही कवायतीची खूण. म्हणून ते खोटे ठरत नाही. कोण कुठे उभा राहतो, कोणती तरफ कुणाच्या हाताशी आहे, हे त्यातूनच कळते. फक्त त्यावरून वेग, आवाज किंवा भीती यांचे अनुमान काढू नये. स्कापा फ्लोमध्ये जानेवारीच्या सुरुवातीला उजेड दिवसाचे सुमारे सहा तास असतो, त्यामुळे शेकडो माणसांना एकत्र आणून घेतलेला बाहेरचा फोटो आपोआपच आधी ठरवून, वेळ नेमून घेतलेला असतो.

त्याच दिवसांतले दुसरे छायाचित्र

‘शार्नहॉर्स्ट’वर १,९६८ माणसे होती. वाचली ३६. तीस जणांना ‘स्कॉर्पियन’ने आणि सहा जणांना ‘मॅचलेस’ने, या दोन विनाशिकांनी, पाण्यातून काढले. त्यांत एकही अधिकारी नव्हता. पुढे त्यांना ‘ड्यूक ऑफ यॉर्क’वर हलवून स्कापा फ्लोला आणले गेले. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना उतरवतानाचा फोटो उपलब्ध आहे. पट्ट्या कशासाठी, तर आरमाराचा मुख्य तळ, तिथली जहाजे आणि त्यांची मांडणी त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. तोफदलाचा फोटो जिथे छापला जाईल तिथे हाही शेजारी असावा. दोन्ही एकाच जहाजाशी आणि त्याच दिवसांशी जोडलेले आहेत. फ्रेझर यांनी स्वतः लढाईनंतर आपल्या अधिकाऱ्यांसमोर ‘शार्नहॉर्स्ट’च्या लढण्याची प्रशंसा केली होती.

‘ड्यूक ऑफ यॉर्क’ १९५८मध्ये फॅस्लेनला तोडायला गेली, त्यामुळे फोटोतल्या जागा आता मोजता येत नाहीत. त्याच लढाईतली ‘बेलफास्ट’ मात्र १९७१पासून लंडनमध्ये थेम्स नदीत संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या तोफा ६ इंची, म्हणजे प्रमाण लहान. पण झोळ्यांचे मेसडेक, टरेट, गोळ्यांची कोठारे आणि तिथवर जाणाऱ्या उभ्या शिड्या पाहता येतात. लंडनला जाणाऱ्या अभ्यासकाने आधी खालच्या कोठारात उतरावे, तिथून टरेटपर्यंतची वाट स्वतः चढावी आणि मग हे फोटो पुन्हा काढून बघावेत.